स्लॅबला माझी संमती आहे

कौलारू घर पाडून स्लॅब टाकणाऱ्यांबद्दल माझं मत फार वर्षं पक्कं होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे. दापोलीहून आमच्या गावाकडे जाताना एसटीच्या खिडकीतून दर वर्षी एखादं नवं सपाट छत दिसायचं. वर पाण्याची काळी टाकी, कधीतरी वाढवायच्या मजल्यासाठी सोडलेल्या गंजक्या सळ्या, दर्शनी भिंतीला पोपटी रंग. मी शेजारच्या प्रवाशाला ऐकू जाईल अशा बेतानं "अजून एक गेलं" म्हणायची. पुण्याला परतल्यावर मैत्रिणींना आमच्या घराचे फोटो दाखवायची. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, सारवलेली पडवी. त्या "किती छान गं" म्हणाल्या की आपण काहीतरी जपून ठेवल्याचं समाधान मिळे. जपत होते दादा आणि वहिनी, पण ते फोटोत नसायचे.

माझ्याकडे नुसती हळहळ होती असं मात्र नाही. मुद्दे होते. कौल पातळ असतं, सूर्य कलला की तासाभरात निवतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच आपल्या अंगावर सोडतो. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जाते, पंख्याशिवाय घर श्वास घेतं. एक कौल फुटलं तर एक बदलता येतं. स्लॅब गळायला लागला तर पाणी शिरतं कुठे आणि उतरतं कुठे, याचा पत्ता लागत नाही. खाऱ्या हवेत काँक्रीटच्या पोटातली सळी गंजते, फुगते आणि खपल्या पाडते. हे सगळं मी तोंडपाठ म्हणून दाखवायची. यातला एकही मुद्दा मला आजही खोटा वाटत नाही. तरीही गेल्या शिमग्यात मी दादाच्या कागदावर सही केली.

सहीचं प्रकरण थोडं मागे जातं. बाबांच्या पश्चात घर आम्हा दोघांच्या नावावर आलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि जाता जाता त्यानं दापोली-मंडणगडलाही झोडपलं. टाळेबंदीमुळे मी पुण्यात अडकलेली. फोन लागत नव्हते. नंतर समजलं ते असं, की वारा पश्चिमेच्या पाख्याखाली शिरला आणि कौलं ओळीनं उचलली गेली. दादा-वहिनी माजघरातून देवघरात, देवघरातून बाळंतिणीच्या खोलीत, अशी कोरडी जागा शोधत सरकत होती. वीज यायला कित्येक आठवडे गेले. तालुक्यात सगळ्यांनाच एकदम कौलं आणि पत्रे हवे होते, त्यामुळे मिळेनात. तो पूर्ण पावसाळा त्यांनी ताडपत्रीखाली काढला. गणपती ताडपत्रीखालीच आले.

दिवाळीत दादा म्हणाला, "आता बास. स्लॅब टाकतो."

मी नाही म्हटलं. बँकेला कर्जासाठी माझं संमतीपत्र हवं होतं. वडिलार्जित घरात मुलीलाही मुलाइतकाच हिस्सा, हे २००५ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं, तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. तो हक्क मी पहिल्यांदा वापरला तो भावाचं छप्पर अडवायला. दादा भांडला नाही. एवढंच म्हणाला, की उन्हाळ्यात माळ्याखाली भाजतं, पावसाळ्यात गळतं आणि वर चढायला माणूस मिळत नाही. या तिन्हींवर तुझ्याकडे उत्तर असेल तर सांग.

उत्तर म्हणून मी माळा हातात घेतला. नोकरी संपली होती. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेल्यामुळे पेचकस, करवत, ड्रिल यांची भीती नव्हती. माजघरावरच्या माळ्याची राहती खोली करायची, होईल तेवढी स्वतःच्या हातानं, आणि दाखवून द्यायचं की कौलांखालीसुद्धा माणूस सुखानं राहू शकतो. खोली हवी होती हे खरं, पण त्याहून वाद जिंकायचा होता.

माळ्यावर उभं राहता येतं ते फक्त आढ्याखाली. दोन्ही बाजूंना छप्पर उतरत जातं आणि कडेला पोचेपर्यंत माणूस रांगायला लागतो. सामान काढलं: पितळी हंडे, पाळण्याच्या कड्या, मखराच्या पट्ट्या, फुटकी कणगी, जुन्या पंचांगांचा गठ्ठा. माळ्यावर सापडलेल्या वस्तूंवर लोक हळवं होऊन लिहितात; आमच्या माळ्यावर तसं काही नव्हतं. बहुतेक सगळं भंगारात गेलं. उंदरांच्या लेंड्या, वटवाघळांची घाण आणि वाळवीची माती मात्र पोत्यांनी निघाली. हे कोरडं झाडायचं नसतं, आधी पाणी शिंपडायचं आणि तोंडाला चांगला मास्क लावायचा. जाळीच्या भोकातून एक उदमांजर रोज संध्याकाळी बाहेर पडायचं, त्यानं आमच्या गडबडीला कंटाळून स्वतःच मुक्काम हलवला.

मग लाकूड तपासलं. वासे ऐनाचे आणि किंजळीचे, काही फणसाचे. तपासायची रीत सोपी आहे. हातोडीच्या मुठीनं ठोकत जायचं. चांगलं लाकूड टणक वाजतं, पोखरलेलं बसक्या आवाजात बोलतं. शंका आली की पेचकसाचं टोक दाबायचं. जिथे ते लोण्यात गेल्यासारखं जातं, तिथे वासा संपला. ठोकत पूर्वेकडून पश्चिमेकडे गेले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. स्वयंपाकघराच्या बाजूचे वासे काळेकुट्ट होते, वर काजळीचा चकचकीत थर, आणि आत एकही भोक नाही. ओटीच्या बाजूचे वासे दिसायला स्वच्छ, पण टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्यांतून गळणारी पिवळट भुकटी. भुंगेऱ्यानं ते आतून खाल्ले होते.

कारण उघड होतं. स्वयंपाकघर आणि माळा यांच्यामध्ये भिंत वरपर्यंत नाही. चुलीचा धूर वर चढायचा, वाशांवरून फिरायचा आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. लाकूड कोरडं राहायचं, वर काजळी बसायची, कीड फिरकायची नाही. ओटीपर्यंत तो धूर पोचेपर्यंत विरळ व्हायचा. गॅस आला, चूल मागच्या पडवीत पाणी तापवण्यापुरती उरली, आणि काळ्या वाशांवर नवा थर बसायचा थांबला. मला कोण आनंद झाला! घर कसं विचारानं बांधलेलं होतं, स्वयंपाक करता करता छपराची निगा राखली जात होती, किती नेमकी रचना! खाली येऊन वहिनीला हे सगळं सांगितलं. ती नारळ खवत होती.

"हो," ती म्हणाली, "आणि सासूबाईंची छाती?"

आईचा खोकला मला चांगला आठवतो. रात्री माजघरात झोपल्यावर तो ऐकू यायचा, थंडीत वाढायचा, शेवटच्या वर्षांत तर तिला चार पायऱ्या चढवत नव्हत्या. तिनं जन्मात विडी ओढली नव्हती. चुलीच्या धुरानं फुप्फुसं कायमची आखडतात हे मला पुस्तकातून माहीत होतं, कॉलेजच्या भित्तिपत्रकावर त्याबद्दल लिहिलंही होतं. वरची काजळी आणि खालचा खोकला एकाच चुलीचे, हे मात्र मी कधी जोडलं नव्हतं. वहिनीनं जोडलं होतं. त्या चुलीपुढे तिचीही पंधरा-वीस वर्षं गेली आहेत.

काम थांबवलं नाही. धुराच्या जागी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून ब्रशनं दोन-दोन हात दिले. हे औषध लाकडात मुरतं आणि भुंगेऱ्याला, वाळवीला पुरून उरतं, पण पावसाचं पाणी लागलं तर धुऊन जातं, म्हणजे आधी गळती थांबायला हवी. भिंतीत शिरलेल्या वाशांच्या टोकांना काजूच्या टरफलाचं काळं तेल लावलं. ते हाताला लागलं तर कातडी भाजून निघते. हातमोजे घालूनही माझ्या मनगटावर डाग पडले. दोन वासे अगदीच गेले होते. तिथे सुतार बोलावला, कारण वरचं वजन डोक्यावर घेऊन प्रयोग करण्याइतकी मी उत्साही नाही. त्यानं जुन्याच्या बगलेला नवा वासा देऊन बोल्टनं आवळला. जमिनीखालच्या तुळयाही त्याच्याकडूनच वाढवून घेतल्या. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला दोनशे किलो भार पेलेल अशी धरतात. भाताची कणगी एका जागी मुकाट बसते. माणूस चालतो, आणि फळ्या लवतात.

कौलांचं काम हा वेगळाच धडा होता. एक मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरतं, चौरस मीटरला पंधरा लागतात. माजघराच्या दोन्ही पाख्यांवर मिळून हजाराच्या वर. म्हणजे माझ्या खोलीवर अडीच टन भाजलेली माती, भिजली की आणखी जड. ती खाली उतरवायची, घासायची, फुटकी वेगळी काढायची, रिपा सरळ करायच्या आणि पुन्हा चढवायची. पाऊस तोंडावर आला की हे काम थोड्याफार प्रमाणात दर वर्षी करावं लागतं, कारण वानरं आंब्यावरून थेट पाख्यावर उडी घेतात. पूर्वी ती रानात असायची. आता परसातच मुक्काम.

कौलांच्या पाठी वाचायला मजा येते, हे कबूल करते. जर्मन मिशनरी गेओर्ग प्लेब्स्ट यानं १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पूला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना काढला, तिथून हा प्रकार सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. दरम्यान मंगळूरला इतर अनेक भट्ट्या पेटल्या होत्या. गलबतांतून हा माल पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरायचा. आमच्या छपरावर किमान पाच वेगवेगळ्या ठशांची कौलं निघाली. त्याआधी घरावर कुंभारानं थापलेली नळीची कौलं होती आणि त्याच्याही आधी गवत. ज्या वर्षी पणजोबांनी मंगलोरी कौलं आणली, त्या वर्षी गावातल्या कुणीतरी "आणखी एक गेलं" म्हटलं असणारच.

पाच ठसे म्हणजे पाच मापं. फरक दिसायला चिमूटभर, पण एकाची खाच दुसऱ्याच्या कडेत नीट बसत नाही, आणि झडीचा पाऊस तेवढ्या फटीतून आत येतो. वादळानंतर जे मिळेल ते बसवलं होतं, त्यामुळे पश्चिमेचं पाखं बाहेरून अखंड आणि आतून चाळण. भर दुपारी माळ्यावर दार लावून बसलं की उजेडाचे टिपके दिसतात, तिथे खडूनं खूण करायची. एवढ्यानं भागत नाही. पाणी जिथून शिरतं तिथे टपकत नाही. ते वाशाच्या पोटावरून वाहत चार हात खाली जातं आणि मनाला येईल तिथे सुटतं. म्हणून पहिल्या पावसात पुन्हा वर बसावं लागतं. ठसे वेगळे करून एकेका ओळीत एकाच कारखान्याची कौलं लावली तेव्हा गळती खूपच कमी झाली.

हे शहाणपण माझं नाही. ते कौलं परतायला येणाऱ्या काकांचं. गावात हे काम करणारे आता ते एकटेच उरलेत, वय सत्तरीकडे झुकलेलं. पाय कौलाच्या मध्यावर द्यायचा नाही, खाली रीप असते त्या जोडावर द्यायचा, आणि अंग पुढे झुकवून चालायचं, हे त्यांनी मला शिकवलं. त्यांचा मुलगा मुंबईला कंपनीत आहे. तो दर फोनवर बापाला दम देतो, की छपरावर चढलास तर बघ. चहा पिताना काकांना सहज विचारलं, की हे काम तुम्ही कुणाकडून शिकलात?

"आज्याकडून. तो यायचा ना तुमच्याकडं. दर वैशाखात, आमची सगळी वाडी यायची."

"काय द्यायचे तेव्हा?"

काका हसले. "द्यायचे काय, ताई? खोतांचं घर. जेवण मिळायचं. खळ्यात."

आमच्या घराकडे खोतीचा एक लहानसा हिस्सा होता, हे मला माहीत होतं. आमच्यात तो उल्लेख अभिमान आणि विनोद यांच्या मधल्या सुरात होतो. खोतीत कुळांना वेठ असायची हेही वाचलं होतं. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात, बालपणाचा काही काळ दापोलीत गेलेला. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. वेठ हा शब्द माझ्यासाठी त्या कायद्याच्या पुस्तकात राहत होता. आता तो छपरावर सापडला. ऐनाचे हे वासे डोंगरातून खांद्यावर कुणी आणले, दर वैशाखात हजारो कौलं कुणी परतली, पावसाळ्यापूर्वी पडवीला झावळ्यांचे झाप कुणी बांधले? पाच पिढ्या टिकलेलं घर म्हणून मी ज्याचं कौतुक करत होते, त्याच्या हिशेबात मजुरीचा रकाना कोरा होता. आता तो भरायची वेळ आली तर माणूस मिळत नाही म्हणून आम्ही तक्रार करतो. काकांचा मुलगा छपरावर चढत नाही, हे मला त्या दिवसापासून उत्तम वाटायला लागलं.

आता सांगायची गोष्ट अशी, की खोली झाली, आणि झकास झाली. कौलांखाली चकाकणारा फॉइल ताणला, त्याच्या खाली चार बोटं हवा मोकळी सोडली, मग बांबूच्या तट्ट्यांचं छत. हवेची ती जागा महत्त्वाची. फॉइल कशाला चिकटला की त्याचा उपयोग संपतो. आढ्याजवळ दोन्ही टोकांना जाळीदार झरोके ठेवले, त्यातून गरम हवा निघून जाते. पूर्वेच्या त्रिकोणी भिंतीत गवंड्याकडून खिडकी काढून घेतली, पश्चिमेला मुद्दाम काही नाही, तिकडून झड येते. वायरिंग नळीतून, नाहीतर उंदीर कुरतडतात. एक काचेचं कौल बसवलं, पुस्तक वाचता येईल असं. फळ्या मी स्वतः घासल्या आणि जवसाचं तेल पाजलं. मे महिन्यात दुपारी दोन ते चार तिथे बसवत नाही, हे खोटं बोलण्यात अर्थ नाही, पण रात्री नवाच्या पुढे चादर लागते. शेजारच्या गावातल्या स्लॅबच्या घरात त्याच रात्री माणसं अंगणात खाटा टाकून झोपतात. दादाच्या तीन हरकतींपैकी दोन मी खोडून काढल्या होत्या, असं मला वाटलं. मैत्रिणी येऊन राहिल्या. फोटो निघाले.

मग पाऊस सुरू झाला आणि मी पुण्याला गेले, दर वर्षी जाते तशी.

दापोलीत पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत मी कधी सलग आठवडाभरही त्या घरात राहिले नव्हते. माझं कौलारू घर हे कार्तिक ते वैशाखातलं घर होतं. त्या पावसाळ्यात वहिनीच्या बोलण्यातून तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. वानरांनी तीन कौलं फोडली. आधी कौल फुटलं की माजघरातून मान वर केली की दिसायचं, दादा खालूनच काठीनं सरकवायचा किंवा त्याखाली पातेलं ठेवायचा. आता मध्ये फॉइल, तट्ट्या, छत. पाणी फॉइलवरून वाहत भलतीकडे जायचं आणि माझ्या फळ्यांवर उतरायचं. फळ्या फुगू नयेत म्हणून वहिनी रोज संध्याकाळी परात घेऊन माळ्यावर जात होती. मी केलेला जिना उभा, जागेअभावी तसाच करावा लागला होता, आणि तिचे गुडघे गेलेत. माझ्या खोलीनं तिच्या पावसाळ्यात एक मजला वाढवला होता. तिनं तक्रार म्हणून हे सांगितलं नाही. "तुमच्या फळ्या छान राहिल्यात हो, वन्सं," असं सांगितलं.

त्याच वाक्यानं माझं मत बदललं असं लिहायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. त्यानंतरही मी महिनाभर इंटरनेटवर लोखंडी सांगाडा, त्यावर पत्रा आणि पत्र्यावर कौलं, अशा छपरांचे दर काढत होते. कोकणात हल्ली पुष्कळ लोक तसं करतात; वानरांनी कौल फोडलं तरी पत्रा पाणी अडवतो. वाईट उपाय नाही. मी तो वहिनीला सांगितला, तेव्हा पहिल्यांदाच तिनं तिला काय हवंय ते सरळ सांगितलं. तिला गच्ची हवी होती. आमसुलं, फणसाची साठं, मिरच्या, कुरडया वाळवायला जागा. खळ्यात वानरं येतात, कोंबड्या येतात. गच्चीला जाळीची खोली करता येते. तिला स्वयंपाकघराच्या भिंती छतापर्यंत हव्या होत्या, म्हणजे वरून पाली आणि उंदीर पडणार नाहीत. वरून माती पडू नये म्हणून पातेल्यांवर झाकणं ठेवत तिचं आयुष्य गेलं. तिला रात्री वारा सुटला की जागं व्हायचं नव्हतं. निसर्ग वादळानंतर ती वाऱ्याच्या आवाजानं उठून बसते, हे दादानं मला तेव्हा सांगितलं. मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं आणि तिनं माझ्यापुढे कौलांबद्दल बोलायचं सोडून दिलं होतं.

स्लॅबवर माझा विश्वास बसलाय असा अर्थ कुणी काढू नये. आमच्याच गावात दहा-पंधरा वर्षांच्या स्लॅबवर आता पत्र्याच्या शेड चढल्यात, कारण सपाट छतावर एवढं पाणी पडलं की ते वाट काढतंच. गच्ची म्हणून बांधलेली जागा पत्र्याखाली जाते आणि घर मे महिन्यात भट्टी होतं. दिसायला ते कौलारू घराच्या पासंगाला पुरत नाही, आणि दिसणं ही मला फालतू गोष्ट वाटत नाही. बदललं ते एवढंच: हा हिशेब करायचा अधिकार कुणाचा, याबद्दलचं माझं मत. मी त्या घरात कोरड्या दिवसांची पाहुणी आहे. कौलांची किंमत मी सौंदर्यात मोजत होते आणि ती देणारी दोघं पासष्टीच्या पुढे गेली आहेत. काकांनंतर छपरावर चढणारा कुणी नाही, आणि असावा अशी माझी आता इच्छाही नाही. एसटीतून दिसणाऱ्या पोपटी घरांकडे पाहताना हल्ली मी आत कुणाची तरी पातेली उघडी असतील असा विचार करते.

माजघरावर स्लॅब म्हणजे माझा माळा जाणार. त्याचं मला वाईट वाटतं, पुष्कळ वाटतं. ज्या तट्ट्यांवर माझी बोटं सोलवटली त्या निघतील, खिडकीचं काय करायचं ते ठरलेलं नाही. चांगले वासे दादा गोठ्यासाठी ठेवणार आहे. सही करताना त्यानं मला विचारलं, "नक्की ना? नंतर तोंड पाडशील." मी म्हटलं, तोंड पाडीन, पण सही नक्की.

वाद घालायची खोड मात्र गेलेली नाही. सध्या माझा आग्रह जुनी कौलं स्लॅबच्या आत घालण्याचा आहे. केरळात लॉरी बेकर यांनी ही पद्धत पुष्कळ वापरली. स्लॅब वाकतो तेव्हा खालच्या भागातला ताण सळ्या घेतात, तिथलं काँक्रीट ताण घेण्याच्या कामाचं नसतं. मग त्या जागेत, सळ्यांच्या चौकटींमध्ये, दोन कौलं पोटाला पोट लावून ठेवली तर काँक्रीट वाचतं, वजन उतरतं आणि दोन कौलांमध्ये कोंडलेली हवा उन्हाला थोडी अडवते. गिलावा केला नाही तर खालून छताला कौलं दिसत राहतात. आमच्याकडे हजारावर कौलं पडून असणार, भंगारात त्यांना कोण विचारतो? सेंट्रिंगवाल्यानं हे ऐकून "असलं आमच्याकडं होत नाही" म्हणून सांगितलं. दापोलीचा इंजिनिअर म्हणतो, सळ्यांवर काँक्रीटचं आवरण पुरेसं ठेवा आणि मी देतो त्याच नकाशाप्रमाणे करा, मग हरकत नाही. शिवाय छताला चांगला उतार द्या. दादा दोघांच्या मध्ये उभा राहून डोकं खाजवतो आहे.

वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "कौलं आत घाला नाहीतर बाहेर घाला, वन्सं, मला त्यातलं कळत नाही. गच्चीवर जायला जिना नीट करा. तुमच्या त्या माळ्यासारखा उभा नको." मग जरा थांबून म्हणाली, "आणि त्याला छप्पर हवं. पत्र्याचं चालेल."

जिन्याला पत्रा की कौलं, यावर आमची बोलणी सुरू आहेत.